पेठेतलं घर विकायच्या आधी गल्लीतली नाली बघून या

एका भावाने विचारलं आहे, त्याचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तालुक्याच्या गावात जुन्या पेठेत आजोबांच्या हातचं घर. आईवडील दोघंच राहतात, हे दोघं भाऊ पुण्याला, बहीण अकोल्याला. लहानपणी गल्लीत इतकी माणसं होती की दुपारी दाराला कडी लावायचं कोणाच्या मनातही येत नव्हतं, आता समोरची-बाजूची मिळून सात घरं कुलपात, नाली तुंबलेली, अंधार पडला की कोपऱ्यावरच्या पडक्या ओट्यावर पोट्टे बाटल्या घेऊन बसतात. लहान भाऊ म्हणतो विकून टाका, बायपासवर लेआउट पडलं आहे तिथे प्लॉट घेऊ. बाबा म्हणतात मला इथूनच न्या. तर प्रश्न असा की एवढी चांगली वस्ती बिघडली काऊन, आणि आता करायचं काय.

भाऊ, मी ३२ वर्षं नगरपरिषदेत ओव्हरसियर होतो. पद ज्युनियर इंजिनियरचं, पण लोक ओव्हरसियरच म्हणत. वऱ्हाडातली चार गावं फिरलो, सगळी तालुक्याची, नावं घेत नाही कारण चारही गावांत मला शिव्या देणारे अजून ठणठणीत आहेत. आता शेतावर राहतो आणि कोणी बोलावलं तर घरं मोजायला, भिंती बघायला जातो. त्यामुळे नाल्यांच्या काठाने फिरून जे कळलं तेवढंच सांगतो.

आधी एक कबुली देऊन टाकतो. सफाईची गँग कोणत्या दिवशी कोणत्या वॉर्डात जाईल हे कागदावर ठरलेलं असतं, पण गँग जाते तिथे जिथून ओरड येते. मीच पाठवत होतो ना. सहा माणसं, एक ट्रॅक्टर, त्यातले दोघं रजेवर, आणि साफ करायला सगळं गाव. मग सकाळी ऑफिसात जो माणूस टेबलासमोर उभा असेल त्याची नाली आधी. दुसऱ्या गावात माझ्याकडे एक रिटायर गुरुजी यायचे, जुन्या पेठेतले, धोतर-टोपी, दर सोमवारी साडेदहाला हजर. तक्रार वहीत स्वतःच्या हाताने लिहायचे, सुंदर अक्षर, खाली सही, आणि मागच्या सोमवारच्या तक्रारीचं काय झालं ते विचारूनच उठायचे. मला त्यांचा इतका कंटाळा यायचा की काय सांगू. पण त्यांच्या गल्लीची नाली आरशासारखी, खांबावरचा दिवा गेला तर चौथ्या दिवशी लागलेला, कोणी बांधकामाची रेती रस्त्यात टाकली तर आठ दिवसांत उचललेली. मग गुरुजींच्या मिसेस वारल्या आणि मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. पहिला सोमवार मी निवांत चहा प्यालो. महिनाभराने लक्षात आलं की त्या गल्लीत गँग गेलीच नाही, कोणी मुद्दाम टाळली असंही नाही, फक्त आठवण करून देणारं कोणी राहिलं नव्हतं. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्या गल्लीचं जे झालं तेच तुमच्या गल्लीचं झालेलं दिसतं.

नंतर मला तो नादच लागला, जुन्या तक्रार वह्या काढून बघायचो. आज जी वस्ती बकाल दिसते तिच्या तक्रारी वहीत आधी बंद झालेल्या असतात आणि बकालपणा नंतर दिसायला लागतो. लोकांना उलटं वाटतं, घाण झाली म्हणून लोक गेले. घाण तर आधीही होत होती, ती काढायला लावणारी चार माणसं गेली. गुरुजी, कंपाउंडर, पोस्टातले बाबू, एखादी कडक आजी जी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायची. हे लोक आधी जातात कारण पेन्शन असते, मुलं शिकलेली असतात, दुसरीकडे जायची ऐपत असते. मागे राहतात ते ज्यांना ऑफिसात जाऊन भांडायला अर्ध्या दिवसाची मजुरी मोडावी लागते. त्यात २०२२ च्या आसपास बऱ्याच नगरपरिषदांची मुदत संपली, वेळेवर निवडणुका झाल्या नाहीत, काही वर्षं प्रशासकच होते. नगरसेवक कसाही असो, त्याच्या दारात जाऊन आईबहिणीवरून बोलता येत होतं, प्रशासकाच्या दारात शिपाई असतो.

आता कुलूपबंद घराचं सांगतो, कारण हे लोकांना कळत नाही आणि बाबांच्या घराला खरा धोका इथूनच आहे. पेठेतली घरं एकमेकांना टेकून असतात, दोन घरांत एकच सामाईक भिंत, मातीची, दीड-दोन हात रुंद. वरती मातीचं सपाट छप्पर म्हणजे धाबं, नाहीतर कवेलू म्हणजे कौलं. धाब्याच्या घराला दर उन्हाळ्यात वरून माती चोपून द्यावी लागते, कवेलू फेरावे लागतात, माकडं नाचून गेली की पुन्हा फेरावे लागतात. घरात माणूस असला की पावसात टपटप वाजलं तर तो रात्री उठून बादली ठेवतो आणि सकाळी वर चढतो. कुलूपबंद घरात बादली कोण ठेवणार. पहिल्या पावसाळ्यात ओल, दुसऱ्यात छपराच्या लाकडी कड्या कुजायला लागतात, तिसऱ्यात छपराचा कोपरा बसतो आणि मग सगळं पाणी सामाईक भिंतीच्या पोटात. मातीची भिंत वरून झाकलेली असली तर शंभर वर्षं उभी राहते, डोक्यावरून भिजली की चार वर्षांत फुगते. आणि फुगते ती तुमच्या बाजूला. म्हणजे कुलूप शेजाऱ्याचं आणि भेग तुमच्या देवघरात. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात धोकादायक इमारतीला नोटीस द्यायची सोय आहे, मी कित्येक नोटिसा काढल्या आहेत, पण नोटीस लावायची कोणावर? घरमालक वारलेला, वारस सात, एक सुरतला, एक दुबईला, एकाचं नाव कोणालाच आठवत नाही. नोटीस दाराला चिकटवायची आणि फोटो काढून फाइलला लावायचा.

बरं पडीक घर नुसतं पडीक राहत नाही. आधी शेजारचे त्यात कचरा टाकतात, हो, आपलेच लोक. मग कृषी केंद्रवाला त्याचं गोडाऊन करतो, रात्री बेरात्री खताची पोती उतरतात, पोत्यामागे उंदीर, उंदरामागे साप. नाहीतर भंगारवाला येतो. नाहीतर लाकडाचा व्यापारी, त्याला जागेशी काही घेणं नाही, वाड्याचं सागवान हवं असतं. जुने खांब, तुळया, कोरीव दारं ट्रकात भरून जातात आणि मागे राहतो मातीचा ढीग. मी एका वाड्यात ज्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून चहा प्यालो होतो ती बंगई नंतर हायवेवरच्या एका ढाब्यात टांगलेली बघितली, गिऱ्हाईक तिच्यावर बसून सेल्फी काढून राहिले होते.

रस्त्याचं पण सांगून टाकतो, यात माझा स्वतःचा हात आहे. दर चार-पाच वर्षांनी निधी येतो, गल्लीत काँक्रीट होते. नियमाने जुना थर खरवडून काढायला पाहिजे. तो कोणी काढत नाही, वेळ लागतो, मलबा टाकायला जागा नसते, बिल वाढते. मग त्याच्यावरच चार इंच, पुन्हा चार इंच. वीस वर्षांत रस्ता दीड फूट वर येतो आणि ज्या घराला दोन पायऱ्या चढून जावं लागायचं तिथे आता एक पायरी उतरून जावं लागते. पावसाचं पाणी आधी नालीत जायचं, आता ओसरीत येते. लोक म्हणतात घर खचलं. घर जागेवरच आहे बाप्पा, रस्ता चढला. तुमच्या गावी गेलात की जोत्याचे किती दगड रस्त्याच्या वर दिसतात ते मोजा आणि बाबांना विचारा पूर्वी किती दिसायचे. गुरुजी असताना त्यांच्या गल्लीत मला एकदा थर खरवडून काढायला लावला होता त्यांनी, कुदळवाल्यांसमोर खुर्ची टाकून बसले होते.

आणि गल्लीची रुंदी. आठ-नऊ फूट. बैलबंडी जायची तेव्हा हे भरपूर होतं. आता मुलाचं लग्न ठरवायला गेलं की मुलीकडचे आधी विचारतात गाडी दारापर्यंत येते का. हसू नका, माझ्यासमोर एक चांगलं स्थळ एवढ्यावरून मोडलं आहे, पोरगा इरिगेशनमध्ये नोकरीला होता. अँब्युलन्स येत नाही हे कारण लोक सांगतात, पण मनात असते ती कारच.

आता कागदपत्रं. पेठ मारण्यात नालीच्या खालोखाल नंबर यांचा. आजोबांच्या नावावरची आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, कोणी बदलत नाही, कारण बदलायला गेलं की वाटणीचा विषय निघतो आणि दिवाळीला कोणाला विषय नको असतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हिस्सा मुलांइतकाच, आणि बरोबरच आहे ते, पण त्यामुळे आता आत्या, त्यांची मुलं, सगळ्यांच्या सह्या लागतात आणि जितकी वर्षं थांबाल तितक्या सह्या वाढतात. आजोबांच्या मागे पाच, बाबांच्या पिढीमागे सोळा. सोळा जणांचं घर कोणीच दुरुस्त करत नाही, कारण दुरुस्तीचा खर्च एकाचा आणि वाढलेली किंमत सोळांची. पंतप्रधान आवास योजना आली तेव्हा स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख अशी सोय होती. लेआउटमधल्या आणि नव्या वस्तीतल्या लोकांनी घेतले पैसे, पेठेतले बिचारे कागद नाही म्हणून रांगेतून परत आले. म्हणजे ज्यांची भिंत पडायला आली होती त्यांनाच काही मिळालं नाही.

काही घरांत भाडेकरूचा पेच आहे. आपल्या विदर्भात १९४९ चा सी. पी. अँड बेरार रेंट कंट्रोल ऑर्डर होता, भाडे नियंत्रकाची परवानगी घेतल्याशिवाय भाडेकरूला काढायची नोटीससुद्धा देता येत नव्हती. मग ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच कायदा लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढ करता येते. पण मूळ भाडंच चाळीस रुपये असेल तर चार टक्क्याने काय होते, कवेलूसुद्धा येत नाही. मालक म्हणतो मी काऊन दुरुस्त करू, भाडेकरू म्हणतो घर माझं थोडंच आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि भिंत दोघांमध्ये पडते. काही गावांत जुना कॅम्पचा, म्हणजे इंग्रज साहेबांच्या वसाहतीचा, भाग नझूलच्या म्हणजे सरकारी मालकीच्या जागेवर आहे, नागपूर आणि अमरावती विभागात हे प्रकरण खास आपलं, तीस वर्षांचा पट्टा, तो संपला की नूतनीकरणाच्या चकरा, मग कोण त्यावर स्लॅब टाकणार.

हे फक्त लहान गावाचं दुखणं नाही. अमरावतीत बघा, निजामाच्या काळातला परकोट, म्हणजे शहराभोवतीची भिंत, पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधलेली, अंबागेट, जवाहरगेट, खोलापुरी गेट, आतमध्ये एकेकाळी शहरातली मातब्बर घराणी. जो ऐपतदार झाला तो गेटाबाहेर कॅम्पाकडे सरकला. चंद्रपूरला गोंडकालीन किल्ल्याच्या भिंतीच्या आतलं शहर, जटपुरा गेटातून सकाळी निघायला किती वेळ लागतो ते तिथल्या माणसाला विचारा. शकुंतला रेल्वेच्या काठच्या गावांत स्टेशनकडचा भाग बघा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ते अचलपूर, अडीच फुटी रुळावरून कापूस जायचा तेव्हा स्टेशनजवळ जिनिंग, अडत्यांची घरं, धर्मशाळा, सगळी रया तिकडे. १९७२ ला कापूस एकाधिकार खरेदी आली, खासगी व्यापार बसला, अडते मुंबई-नागपूरला गेले. मग गाडीही बंद पडली आणि आता प्लॅटफॉर्मवर बकऱ्या. तिथे नालीवरून भांडायला गुरुजी असते तरी काय उपयोग होता, पोटच गेलं वस्तीचं. म्हणून सगळं खापर नालीवर फोडता येत नाही हे मला मान्य आहे.

आणि उलटाही प्रकार असतो. नागपूरची धंतोली. मध्यप्रांताच्या काळापासून वकील, डॉक्टर, प्राध्यापकांचे बंगले, झाडं, रुंद आवार. तिथे गरिबी नाही आली, पैसा आला. डॉक्टरांच्या बंगल्याचे दवाखाने झाले, दवाखान्याची हॉस्पिटलं झाली, आख्ख्या विदर्भातून आणि मध्य प्रदेशातून पेशंट यायला लागले, आपल्या गावचा माणूस सिरीयस झाला की आपण तिकडेच पळतो की नाही. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूला गाड्या, फुटपाथवर डबे खाणारे नातेवाईक, रात्रभर अँब्युलन्स. जागेचे भाव आभाळाला आणि राहणाऱ्याला गेटमधून स्वतःची गाडी काढता येत नाही. तिथले लोक मात्र गप्प बसले नाहीत, पार्किंग आणि हॉस्पिटलांच्या प्रश्नावर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका घेऊन गेले. सगळं सुटलं असं नाही, पण कोर्टाने महापालिकेला विचारणा तर केली. आमचे गुरुजी सोमवारी वहीत लिहायचे, हे लोक कोर्टात लिहून राहिले, काम तेच.

एक नाजूक गोष्ट आहे, ती बोलतोच. अशा प्रश्नात पाचव्या मिनिटाला कोणीतरी आवाज खाली करून म्हणतो, "वस्ती बदलली ना आता." त्याचा अर्थ असतो दुसऱ्या जातीचे नाहीतर धर्माचे लोक राहायला आले. मी जे बघितलं ते सांगतो. नाली आधी तुंबते, कुलपं आधी लागतात, भाव आधी पडतो, आणि मग ज्याच्याकडे कमी पैसे आहेत तो त्या पडलेल्या भावात घर घेतो, तो कोणीही असो. तो आला म्हणून भाव पडला हे प्लॉटच्या दलालाने सांगितलेलं असते. हा धंदा जुना आहे. अमेरिकेत शिकागोसारख्या शहरांत १९५०-६० च्या दशकात एजंट लोक गोऱ्या घरमालकांच्या दारात जाऊन सांगायचे की काळे लोक येऊन राहिले, आता विका नाहीतर काही मिळणार नाही, घाबरलेल्याकडून स्वस्तात घ्यायचे आणि काळ्या कुटुंबाला महागात विकायचे. १९६८ च्या कायद्याने तिकडे हा प्रकार बेकायदा ठरवला. आपल्याकडे चहाच्या टपरीवर तोच माणूस पेठेतलं घर विकायला लावतो आणि संध्याकाळी बायपासवरचा प्लॉट दाखवायला नेतो, दोन्हीकडून दोन-दोन टक्के. तुमच्या भावाला प्लॉट कोणी सुचवला ते एकदा विचारा. बरेचदा पेठेत नवीन आलेलं कुटुंबच सगळ्यात जास्त धडपड करते, पहिलं स्वतःचं घर असते त्यांचं, ओट्याला रंग देतात, नालीवर फरशी टाकतात. त्यांना फक्त ऑफिसात कसं बोलायचं ते माहीत नसते.

आता त्या लेआउटबद्दल. आपले म्हातारे येडे नव्हते. गावात दोन जमिनी, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचं. पेठ पांढरीवर आहे. बायपासवरचं लेआउट काल-परवापर्यंत पऱ्हाटीचं वावर होतं, म्हणजे काळी कपाशीची जमीन, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर साधा पाया घेऊन घर बांधलं की तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. काळी माती काढून मुरूम भरा, नाहीतर अंडर-रीम पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खोल खांब, घ्या, प्लिंथला बीम द्या, हा खर्च प्लॉटवाला सांगत नाही. बाबांच्या मातीच्या घरापेक्षा तुमचं स्लॅबचं घर आधी चिरलं तर आश्चर्य नको. मग कागद बघा, एनए म्हणजे बिनशेती आहे का, नकाशा मंजूर आहे का, का नुसते गुंठे पाडून विकले. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ ला दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना नियमित करून घ्यायची वाट मिळाली, पण त्याच्या नंतर पाडलेले गुंठे असतील तर सध्या काय नियम आहे ते ऑफिसात विचारल्याशिवाय घेऊ नका. मंजूर लेआउट असेल तर त्यातली दहा टक्के मोकळी जागा जागेवर जाऊन पायाने मोजा, नकाशात बगीचा असतो आणि तिथे कोणाची तरी तूर उभी असते. आणि रस्ते-दिवे नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालेत का हे विचारा. नसतील झाले तर तिथे ओरडायलाही जागा नाही, आम्ही म्हणायचो डेव्हलपरकडे जा, डेव्हलपरचा फोन बंद.

आणि लेआउट कायम तरुण राहते असं पण नाही ना. १९८० च्या दशकात प्रत्येक तालुक्यात शिक्षक-कर्मचाऱ्यांनी मिळून कॉलन्या केल्या, समोर जाई-जुई, मागे पपई, रविवारी सगळ्या घरातून रेडिओ. आज तिथे फिरून या. स्वच्छ आहे, रस्ता चांगला, कार दारात येते, आणि तीनपैकी दोन घरांत म्हातारा-म्हातारी किंवा कुलूप. पोरं हिंजवडीला. तिथे नाली तुंबली नाही तरी गल्लीचा आवाज गेलेला आहे. तुमच्या बायपासच्या प्लॉटवर तुम्ही स्वतः राहणार आहात का? नाही. म्हणजे पेठेतलं कुलूप काढून तिकडे कुलूप लावायचं, मधल्या काळात आईला किराण्यासाठी रिक्षा करावी लागणार. पेठेत आई चपला घालून निघते, देवळात जाते, गुजरीतून भाजी घेते, कासारणीशी बोलते, परत येते, तास जातो. लेआउटमध्ये हेच काम पाच मिनिटांचं असते कारण कुठे जायचंच नसते. मी दोन म्हाताऱ्या बघितल्या आहेत ज्या नव्या टाइल्सच्या घरात गेल्या आणि वर्षाच्या आत बोलायच्या कमी झाल्या. याला डॉक्टर काय म्हणतात मला माहीत नाही.

मग करायचं काय. एकदम विकू नका आणि एकदम अडून पण बसू नका. दिवाळीची वाट न बघता आठ दिवस सुट्टी काढून या, दोन दिवसांत काही दिसत नाही. संध्याकाळी सात वाजता गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला आणि किती घरांत दिवा आहे ते मोजा. निम्म्याच्या वर असतील तर वस्तीत जीव आहे. दोन्ही बाजूची घरं कुलपात असतील आणि सामाईक भिंतीला पोट आलं असेल तर मात्र म्हाताऱ्यांना या पावसाळ्यात तिथे ठेवू नका, भावनेचा विषय नाही तो, जुलैत रात्री भिंत पडते तेव्हा आवाजाआधी माती येते. एका बाजूचंच कुलूप असेल तर त्या मालकाला फोन करा, परवानगी घ्या, त्याच्या छपरावर तुमच्या खर्चाने टिनपत्रे टाका. हो, तुमच्या खर्चाने. त्याचं घर वाचवायला नाही, तुमची भिंत कोरडी ठेवायला. नवीन भिंत बांधण्यापेक्षा लय स्वस्त पडते.

आणि बाबांच्या हातात सही आहे तोवर कागद करून घ्या. आखीव पत्रिका काढा, आजोबांचं नाव असेल तर वारस नोंद लावा, ज्या आत्यांना-काकांना खरंच नको असेल त्यांचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करा, घरातल्या घरात असलं तर स्टॅम्प काही शे रुपयांचाच लागतो. कोणाला हिस्सा पाहिजे असेल तर द्या, गोड बोलून फुकट सही घेऊ नका, अशा सह्या दहा वर्षांनी कोर्टात बोलतात. आणि एखादा भाऊबंद रागाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकतो म्हणाला तर घाबरू नका, राहत्या वाटणी न झालेल्या घरात बाहेरच्या माणसाला एकत्र ताबा मागता येत नाही, आणि तो वाटपासाठी कोर्टात गेला तर १८९३ च्या पार्टिशन अॅक्टप्रमाणे घरच्यांना त्याचा हिस्सा ठरवलेल्या किमतीत विकत घ्यायचा हक्क मागता येतो. वकिलाला विचारून घ्या, पण हे माहीत असावं.

समोरच्या दोन खोल्या भाड्याने द्या. नवीन लागलेले शिक्षक, तलाठी, बँकेतली पोरं, नर्स, यांना बाजाराजवळ खोली पाहिजेच असते. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा रजिस्टर करार करा म्हणजे बाबांना जुनी भीती राहणार नाही. भाडं काही फार येणार नाही, पण रात्री घरात तरुण माणूस आणि ओट्यावर दिवा. कोपऱ्यावर पिणारे पोट्टे दिव्याला जेवढे घाबरतात तेवढे पोलिसालाही घाबरत नाहीत.

एवढं करून वर्षभराने पण आईबाबांचं मन उठलंच, तर लेआउटमध्ये आधी भाड्याने राहून बघा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा, मग प्लॉटचं बोला.

आणि नगरपरिषदेत जा. स्वतः जा, पुण्याहून ऑनलाइन तक्रार टाकून मोकळे होऊ नका, ती बंद केल्याचा मेसेज येतो आणि नाली तशीच राहते. आवक-जावकला अर्ज द्या, पोच घ्या, तारीख टाकून घ्या. नुसतं स्वच्छता करा असं लिहू नका, त्यावर कोणी काही करत नाही. अमुकच्या घरापासून तमुकच्या घरापर्यंत नाली इतके मीटर, इतक्या दिवसांपासून साफ नाही, पुढच्या वेळी काँक्रीट करताना जुना थर खरवडून घ्यावा, असं लिहा. गल्लीतल्या नव्या कुटुंबाला सोबत न्या, त्यांना टेबल कोणतं ते दाखवा, पुढच्या सोमवारी ते जातील. बाबांची तब्येत चांगली असेल तर त्यांनाच पाठवा, ते हलायला तयार नाहीत ना, मग बसू द्या ऑफिसात तासभर.

आखीव पत्रिकेवर कोणाकोणाची नावं निघतात आणि भिंतीला पोट कोणत्या बाजूने आहे एवढं कळवा. फोटो काढाल तेव्हा भिंतीजवळ कोणाला तरी उभं करा, नाहीतर उंचीचा अंदाज येत नाही.